साखळी जोडायची नटाची कडी: कुठली घ्यायची, कशी लावायची आणि कुठं अजिबात लावायची नाही

ट्रॉलीच्या फाळक्याची साखळी तुटली, सोप्यात झोपाळा टांगायचाय, मळ्याच्या गेटला साखळी लावायचीय, दुकानाची पाटी लोंबकळत ठेवायचीय, असलं काहीबी काम निघालं की आपण बाजारात जातो, "साखळी जोडायची कडी द्या" म्हणतो आणि दुकानदार जी हातात देईल ती खिशात टाकून येतो. लांबट कडी असते बघा, एका बाजूला तोंड उघडं आणि त्या तोंडावर आट्यांवरून लांबडा नट फिरवून बंद करायचा. कोण क्विक लिंक म्हणतं, कोण नटाची कडी, बेळगावात खडेबाजारात विचारा नाहीतर निपाणीत, बोटानं दाखवलं की मिळते. दिसायला एवढी साधी की त्यात निवडायचं काय असं वाटतं. पण सगळ्या साखळीत हीच एक जागा अशी आहे जी आपण स्वतःच्या हातानं बंद करतो, बाकीच्या कड्या कारखान्यात वेल्डिंग होऊन आलेल्या असतात, त्यामुळं चूक झाली तर इथंच होते. आपल्या भागात ही कडी नको तिथं लावलेली सारखी दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, कडी हातात घेतली की तिच्या अंगावर आकडा कोरलाय का बघा. नटावर नाही, कडीच्या लांब बाजूवर. चांगल्या कडीवर डब्ल्यूएलएल असं लिहून पुढं किलोत आकडा असतो, म्हणजे रोजच्या वापरात एवढ्याच्या वर भार द्यायचा नाही. काही कड्यांवर केएन म्हणजे किलोन्यूटनमध्ये आकडा असतो, १ केएन म्हणजे साधारण १०० किलो धरा. इथं एक मोठा घोळ होतो. केएनमधला आकडा बहुतेक वेळा कडी तुटायचा आकडा असतो, वापरायचा नव्हे. समजा कडीवर ३५ केएन लिहिलंय, म्हणजे साडेतीन टनाला ती तुटेल, त्याला ५ नं भागा, ७०० किलो आले, तेवढंच तिच्याकडून काम घ्यायचं. कुठला आकडा कशाचा हे कळत नसेल तर तुटायचाच आहे असं समजून भागून टाका, कमी धरलं तर काही बिघडत नाही. आणि आकडाच नसेल, नुसतीच चकचकीत कोरी कडी असेल, तर ती किल्ल्यांचा जुडगा, कुत्र्याची साखळी, बाल्कनीतली कुंडी असल्या कामाला ठेवा. जिच्याखाली माणूस उभा राहणार आहे किंवा जिच्यावर माणूस बसणार आहे तिथं कोरी कडी लावायचीच नाही, दुकानदार कितीबी "घ्या हो, हत्ती लटकवला तरी काय होत नाही" म्हणाला तरी.

जाडीचं बोलायचं तर साधा हिशोब आहे, कडीची ताकद तिच्या सळीच्या जाडीच्या वर्गाप्रमाणं वाढते. ६ एमएमची सळी म्हणजे साधारण २८ चौरस एमएमचा छेद, ८ एमएमची म्हणजे ५० चौरस एमएम. दोन एमएमच वाढलं पण लोखंड जवळपास पावणेदोन पट झालं. त्यामुळं ६ आणि ८ मध्ये मन अडकलं असेल तर ८ घ्या, पैशात फार फरक पडत नाही. नियम म्हणून कडीची सळी साखळीच्या सळीएवढी तरी पाहिजे, बारीक नको. पण नाकापेक्षा मोती जडसुद्धा नको, कारण जाड कडी बारीक साखळीच्या भोकातून जातच नाही, मग लोक हातोड्यानं ठोकून घालतात आणि साखळीची कडीच वाकडी होते. दुकानात जाताना साखळीचा एक तुकडा खिशात घालून जावा. कडी उघडून तिथल्या तिथं तो तुकडा घालून बघायचा, तोंडातून सहज जातो का, आणि आत गेल्यावर गोल टोकात नीट बसतो का.

आता एक गोष्ट जी उद्यमबाग, मच्छे या बाजूच्या वर्कशॉपात काम करणाऱ्यांना माहीत असते पण शेतावर कोण सांगत नाही. सगळ्या साखळ्या एक नसतात. उचलायच्या कामाची ग्रेड ८० ची साखळी असते, तिच्या कड्यांवर ८ किंवा ८० असा ठसा असतो, ती मिश्र पोलादाची. ८ एमएमची ग्रेड ८० साखळी सरळ उभ्या उचलीला २ टन घेते. त्याच ८ एमएमची बाजारातली साधी नटाची कडी त्याच्या निम्म्यालासुद्धा नीट पुरत नाही. जाडी सारखी दिसते म्हणून माणूस फसतो. दोन टनाच्या साखळीत तसली कडी घातली की सगळी साखळीच त्या कडीएवढी झाली, साखळीला घातलेले पैसे पाण्यात. असल्या साखळीला जोडायला हॅमरलॉक म्हणून वेगळी जोडकडी मिळते, तीसुद्धा त्याच ग्रेडची, किंवा मग टनाचा आकडा कोरलेला बो शॅकल घ्यायचा, म्हणजे धनुष्यासारखी वाकवलेली जाड कडी, जिचं तोंड आडव्या पिननं बंद होतं. २ टनाच्या बो शॅकलची बॉडी साधारण १३ एमएम आणि पिन १६ एमएम असते, आता ही जाडी तुमच्या ८ एमएमच्या कडीशेजारी ठेवून बघा म्हणजे डोळ्यांनाच कळेल.

लोखंड का स्टेनलेस, हा प्रश्न कायम येतो. नवी असताना दोन्ही पांढऱ्या चकचकीत दिसतात, त्यामुळं बारकं मॅग्नेट जवळ ठेवा. जस्त चढवलेली लोखंडी कडी मॅग्नेटला टकदिशी चिकटते, ३०४ स्टेनलेस जवळपास चिकटत नाही, जिथं वाकवलंय तिथं थोडंसं ओढ लागल्यासारखं होतं, ते चालतं. स्टेनलेसवर ए२ लिहिलं असेल तर ३०४ जातीचं, ए४ म्हणजे ३१६ जातीचं. चिक्कोडी, अथणी, रायबाग बाजूच्या कोरड्या हवेत आणि घरात आत वापरायला जस्तवाली लोखंडी कडी पुष्कळ झाली. पण तुम्ही खानापूरच्या पश्चिमेला असाल, जांबोटी, कणकुंबीकडं, जिथं पावसाळाभर कपडे वाळत नाहीत, तिथं साध्या जस्ताचा थर टिकत नाही, आधी पांढरी पूड येते आणि मग तांबडा गंज, आणि गंज पहिल्यांदा आट्यात शिरतो जिथं तो बाहेरून दिसत नाही. तिथं ३०४ घ्या. चोर्ला घाट उतरून गोव्यात समुद्राजवळ कुणाचं घर, हॉटेल असेल तर ३१६. गोठ्यातसुद्धा शेणामुताच्या ओलीनं जस्त लवकर जातं. अजून एक, स्टेनलेस म्हणजे जास्त ताकदीची असं नाही हो, ते गंजत नाही एवढंच, भाराचा आकडा तिथंपण वाचायचाच. आणि जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या साखळीत स्टेनलेसची कडी घातली आणि जागा कायम ओली राहणारी असली तर जिथं दोन धातू टेकतात तिथलं साखळीचं जस्त आधी खाल्लं जातं, म्हणून जमलं तर दोन्ही एकाच धातूचं ठेवा.

आकारात फार खोलात जायची गरज नाही. लांबट गोल कडी सरळ ओढीसाठी, म्हणजे एक साखळी वर आणि एक खाली. तीन बाजूनं ओढ असेल, वर एक हुक आणि खाली दोन साखळ्या, तर लांबट कडी नको, त्रिकोणी किंवा पेरूच्या आकाराची मिळते ती घ्या. लांबट कडीत दोन साखळ्या घातल्या की त्या एकमेकीला ढकलतात आणि एक हळूहळू सरकत जाऊन नटावर बसते, आणि नटावर भार आला की ती कडी संपली म्हणायची. भार कायम दोन्ही गोल टोकांवरच पाहिजे. नटाची बाजू नुसती मोकळी राहिली पाहिजे, तिला ना साखळी टेकायला पाहिजे ना भिंत.

आता लावायचं कसं. हेच खरं काम आहे, सावकाश वाचा.

कडी लावायच्या आधी नट पूर्ण मागं घ्या आणि आटे बघा, वाळू, रंग, वेल्डिंगचे शिंतोडे काय असेल ते जुन्या टूथब्रशनं साफ करा. मग नट बोटानं फिरवून तोंड बंद करून बघा, पाना न लावता. नुसत्या बोटानं तो शेवटपर्यंत गेला पाहिजे. मधेच अडकला, किंवा दोन टोकं एका रेषेत येत नाहीत म्हणून दाबून धरावं लागलं, तर ती कडी आधी कुठंतरी ताणली गेलेली आहे, फेकून द्या. याच्यापेक्षा सोपी परीक्षा नाही, आणि जुन्या कडीला तर हीच पहिली लावायची.

मग साखळी आत घाला आणि नट बोटानं फिरवत न्या. तोंड उघडं असताना ही कडी म्हणजे नुसता हुक असतो, भार आला की फाकतो. नट पूर्ण बसला की मगच दोन्ही बाजू मिळून भार घेतात, आणि पूर्ण म्हणजे पूर्ण, एकसुद्धा आटा बाहेर दिसता कामा नये. एक दोन आटे राहिले तर काय होतंय असं लोक म्हणतात, पण दुसऱ्या टोकाचे आटे नटाच्या आत जेवढे धरले जायला पाहिजेत तेवढे धरलेच जात नाहीत, आणि मग ताण आला की ते ओरबाडून निघतात. बोटानं घट्ट झालं की पाना लावा आणि हाताच्या ताकदीनं थोडंसं अजून आवळा. पान्याला पाइप घालून जोर लावायचा नाही, इम्पॅक्ट गन तर नकोच, बारीक आटे आहेत ते, पिळून जातात. स्टेनलेस असेल तर आट्याला थोडं ग्रीस किंवा अँटीसीझ लावून हातानं हळू फिरवा, कारण स्टेनलेसवर स्टेनलेस जोरात फिरवलं की दोन्ही एकमेकाला असे धरतात की मग ग्राइंडरनं कापल्याशिवाय सुटत नाहीत.

कडी उभी लटकणार असेल तर नट कुठल्या दिशेनं बंद होतो ते बघून लावा. नट खाली येताना बंद झाला पाहिजे. हलून हलून नट ढिला झालाच तर तो स्वतःच्या वजनानं खालीच येणार, म्हणजे बंदच्या बाजूला. उलटं लावलं तर तोच नट रोज थोडा थोडा खाली उतरत तोंड उघडतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. उलटी लागली असेल तर काढून फिरवून लावायला दोन मिनिटं लागतात, आळस करू नका.

जिथं थरथर आहे, ट्रॉली, पिठाची गिरणी, पंखा, जनरेटर, तिथं निळा लॉकटाइट वापरा, म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक, मध्यम ताकदीचा, तो नंतर पान्यानं सुटतो. पण त्याला आटे कोरडे लागतात, म्हणजे ग्रीस किंवा लॉकटाइट, दोन्हीतलं एकच. लॉकटाइट नसेल तर बारीक बाइंडिंग तार नटाभोवती आणि कडीच्या अंगाभोवती पिळून बांधा. आणि एक खूण करून ठेवा, नटावरून कडीच्या अंगावर जाईल अशी एक सरळ रेघ, ऑइल पेंटनं नाहीतर घरातल्या लाल नेलपॉलिशनं. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. खालून नुसतं वर बघून कळतं, शिडी लावायला नको. माझ्या मते ही रेघ म्हणजे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट आहे.

आपल्याकडं वेल्डर हाकेच्या अंतरावर असतो, त्यामुळं एक खोड आहे, कडी लावायची आणि नटावर वेल्डिंगचा टाका मारून टाकायचा, "आता काय निघत नाही बघा". नका करू. जस्तावर वेल्डिंग केलं की निघणारा पांढरा धूर छातीत जातो, ताप भरतो. आच लागलेल्या जागेचं लोखंड पहिल्यासारखं राहीलच असं नाही, गंज तिथंच आधी धरतो, आणि मुख्य म्हणजे नट बोटानं फिरतो का ही आपली परीक्षाच कायमची गेली. कायमचंच जोडायचं असेल तर सरळ साखळीच्या दुकानातून पाहिजे त्या लांबीची अखंड साखळी घ्या.

झोपाळ्याचं वेगळं सांगायला पाहिजे कारण घरोघरी आहे, आणि नागपंचमीला झाडाला झोके बांधायचे तेसुद्धा आता बऱ्याच ठिकाणी दोराच्या ऐवजी साखळीनं बांधतात. झोपाळ्याचा भार म्हणजे नुसतं बसणाऱ्याचं वजन नाही. झोका जेवढा उंच जाईल तेवढी खालून जाताना साखळीला ओढ जास्त. उभ्या रेषेपासून ४५ अंशांपर्यंत झोका गेला तर तळाशी वजनाच्या दीडपटीच्या वर ओढ बसते, ६० अंशांपर्यंत गेला तर बरोबर दुप्पट, आणि पोरं दांडीच्या रेषेपर्यंत नेतात तसं ९० अंश गेलं तर तिप्पट. आता दोन मोठी माणसं आणि पाट मिळून १५० किलो धरा, ६० अंशांच्या झोक्याला ३०० किलो झाले. दोन साखळ्या असल्या तर कागदावर १५०, १५०, पण प्रत्यक्षात एक माणूस एका बाजूला सरकून बसतो, झोका वाकडा जातो, त्यामुळं एकेका बाजूनं सगळे ३०० पेलले पाहिजेत असं धरूनच कडी घ्या. म्हणजे प्रत्येक कडीवर कामाचा भार निदान ३०० किलो कोरलेला पाहिजे, चार साखळ्यांचा सोप्यातला झोपाळा असला तरी मी यात सूट देणार नाही.

दुसरं, वरची कडी. ही कडी जोडायला केलेली आहे, घासायला नाही. वरच्या हुकात ती रोज पुढंमागं घासते आणि गोल टोकाच्या आतल्या बाजूला चंद्रकोरीसारखी खाच पडत जाते. बाहेरून कडी नव्यासारखी दिसते, खाच आत असते. साखळी उचलून हुकापासून बाजूला केली की मगच दिसते, चकाकणारी गुळगुळीत जागा, आजूबाजूला ग्रीस आणि लोखंडाची पूड मिसळलेला काळा चिखल. तो काळा चिखल नुसता पुसून सोडून देऊ नका, त्याच्याखाली किती लोखंड राहिलंय ते मोजा. व्हर्नियर नसेल तर जवळच्या लेथवाल्याकडं असतो. सळी मूळ जाडीच्या दहा टक्के झिजली की कडी बाद, म्हणजे ८ एमएमची ७.२ वर आली की बदलायची. आणि वरच्या जागी झोपाळ्याचा बेअरिंगवाला हुक बसवला तर हे सगळं घासणं बेअरिंगवर जातं आणि कडी वर्षानुवर्षं टिकते. झोपाळा कुईकुई करूलालाय म्हणून तेल सोडायच्या आधी वर चढून एकदा बघा, तो आवाज बऱ्याचदा झिजेचाच असतो.

पाटी, दिव्यांचं झुंबर, असलं काही दोन साखळ्यांनी एका हुकाला टांगताना कोन बघायचा. दोन साखळ्या जवळजवळ सरळ असतील तर भार निम्मा निम्मा. दोघींच्या मधला कोन ६० अंश झाला तर प्रत्येकीला वजनाच्या ५८ टक्के, ९० अंशाला ७१ टक्के आणि १२० अंशाला प्रत्येकीला पूर्णच्या पूर्ण वजन. म्हणजे दोन लावूनसुद्धा एकीचाच फायदा. साखळी थोडी लांब घेतली की कोन कमी होतो, तेवढंच करायचं.

आता ट्रॅक्टर. ऊसाचा सीझन सुरू झाला की निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी रस्त्यांवर डबल ट्रॉल्या चालू होतात, आणि मला या विषयात सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. फाळक्याच्या साखळीला नटाची कडी एकदम योग्य आहे, तिथं भार कमी आणि तुटलेली साखळी पटकन जोडायला याच्यासारखं काही नाही, डबीत दोन तीन पडलेल्या असू द्या. पण ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे, किंवा दोन ट्रॉल्यांच्या मधे, पिन निसटली तर आधार म्हणून जी साखळी बांधतात त्यात ही कडी बघितली की पोटात गोळा येतो. भरलेली ट्रॉली म्हणजे कितीतरी टन, चढावर पिन निघाली की सगळं वजन एका झटक्यात त्या साखळीवर येणार. झटक्याचा भार नुसत्या वजनापेक्षा कितीतरी पटीनं जास्त असतो. ८ एमएमची कडी तिथं असून नसल्यासारखी, उलट साखळी बांधलीय म्हणून माणूस निर्धास्त राहतो ते जास्त वाईट. तिथं जाड साखळी आणि टनाचा आकडा असलेला शॅकलच पाहिजे, शॅकलची पिन तारेनं बांधलेली, आणि मुख्य पिनला खालून आर पिन (इंग्रजी आर अक्षरासारखी तारेची पिन) घातलेली. हे काम ड्रायव्हरवर सोडायचं नाही, मालकानं स्वतः बघायचं, मागून दुचाकीवर येणारा आपल्याच गावचा असतो.

काळ्या रानात ट्रॅक्टर रुतला की दुसऱ्या ट्रॅक्टरनं साखळी लावून ओढतात, तिथंसुद्धा हेच. साखळी आखूड पडली म्हणून दोन साखळ्या नटाच्या कडीनं जोडायच्या आणि क्लच सोडून झटका द्यायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय, कडी फाकून तुटली आणि तिचा तुकडा ट्रॅक्टरच्या मडगार्डला खोक पाडून गेला, माणूस तिथं नव्हता म्हणून बरं. ओढताना साखळीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, पोरांना तर बांधावर लांब पाठवा, साखळीवर मधोमध ओलं पोतं टाका म्हणजे तुटली तरी उडायचा जोर कमी होतो, आणि झटका न देता आधी साखळी हळू ताणून घेऊन मग ओढा. जोडायला शॅकल. नसेल तर शेजाऱ्याकडून लांब साखळी आणा, पण नटाची कडी लावून दुधाची तहान ताकावर भागवू नका.

उचलायच्या कामाला, म्हणजे चेन ब्लॉक लावून इंजिन काढणं, बोअरमधून मोटर पाइपसकट वर घेणं, स्लॅबवर सामान चढवणं, यातलं काहीबी साध्या नटाच्या कडीनं करायचं नाही. मोटरीला जादाचा आधार म्हणून जो दोर किंवा स्टेनलेस वायर रोप सोडतात त्याचं वरचं टोक केसिंगच्या क्लॅम्पला अडकवायला ३०४ ची कडी चालते, कारण तो आधार आहे, उचल नाही. मोटर बाहेर काढायच्या दिवशी मात्र तिच्यावरून ओढायचं नाही.

आणि माणूस लटकणार असेल, विहिरीत उतरणं, टॉवर, उंच इमारतीचा रंग, तिथं वेगळ्याच दर्जाची कडी लागते. तिच्यावर ईएन (युरोपातलं मानक) ३६२ आणि क्लास क्यू असं कोरलेलं असतं, गिर्यारोहणाच्या सामानात ईएन १२२७५ टाइप क्यू. टाइप क्यूला लांबीच्या दिशेनं निदान २५ केएन आणि आडवी ओढ बसली तर १० केएन सहन झालंच पाहिजे असा नियम आहे. हार्डवेअरच्या डब्यातली कडी तशीच दिसते, पण तिच्यावर जीव टांगायचा नाही, हा एक नियम तरी कुणाला मोडू देऊ नका.

मंडळाच्या पोरांसाठी पण दोन ओळी. गणपतीच्या मांडवात, शिवजयंतीच्या चित्ररथावर, लाइटी आणि स्पीकर डोक्यावर टांगतो, गर्दी खाली. प्रत्येक टांगलेल्या वस्तूला दोन वेगळे आधार पाहिजेत, एक कडीनं, दुसरा वायर रोपनं वेगळ्या जागेला बांधलेला आणि जराही ढिला नको, म्हणजे पहिला गेला तर दुसऱ्याला झटका बसणार नाही. डॉल्बीच्या दणक्यानं नट ढिले होतात, त्यामुळं लाल रेघेची तपासणी रोज संध्याकाळी आरतीच्या आधी एकानं करायची, कुणी करायची ते नावानं ठरवून.

जनावरांच्या साखळीत ही कडी बरेच जण घालतात. गळ्याजवळ नको. गाय अडकली, पाय साखळीत गेला, गळा आवळला, गोठ्याला आग लागली, तर त्या वेळी पाना हुडकत बसणार काय? गळ्याजवळ हातानं एका झटक्यात सुटणारा हुकच पाहिजे आणि मधे गोल फिरणारी कडी, म्हणजे साखळीला पीळ बसत नाही. नटाची कडी लावायचीच तर खुंट्याच्या किंवा भिंतीच्या टोकाला.

गेटला लावत असाल तर ती सोय म्हणून, चोर अडवायला नाही, पान्यानं सुटते ती.

तपासायचं कधी म्हणाल तर पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, ट्रॉलीवरच्या सीझनमधे दर आठवड्याला, आणि कधी जोराचा झटका बसला असेल तर त्याच दिवशी. कडीची लांबी नवी असताना मोजून भिंतीवर नाहीतर वहीत लिहून ठेवली असेल तर ताणली की लगेच कळतं. चीर बघायची तर गोल टोकाच्या वळणावर आणि आट्यांच्या मुळाशी, कापडानं स्वच्छ पुसून, मोबाईलची टॉर्च तिरकी धरून.

गंजून नट बसलाच तर डिझेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, सकाळी पकडीनं कडी धरून पान्यानं हळू फिरवा, आधी जरासा आवळायच्या दिशेनं आणि मग सोडायच्या. गॅसवर तापवू नका, तापवलेली कडी परत वापरायची नसते. तरीबी सुटला नाही तर भार उतरवून, साखळी दुसऱ्या दोरानं धरून ठेवून मगच ग्राइंडरनं कापा, डोळ्याला गॉगल लावून, आणि कापलेली, वाकलेली, झिजलेली कडी डबीत परत टाकू नका, दोन तुकडे करून भंगारात घाला, नाहीतर पुढच्या सीझनला गडबडीत कुणीतरी तीच काढून लावतो.